वॉशिंग मशीनचे दार खाली उतरले आहे? स्क्रू आवळण्याआधी या चुका टाळा

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे दार हँडलच्या बाजूने खाली उतरले, की बंद करताना ते किंचित वर उचलावे लागते. बहुतेक घरांत या सवयीवरच महिनोन्महिने भागवले जाते आणि हीच सर्वांत महाग पडणारी चूक आहे. दाराचा हुक लॉकच्या खाचेत सरळ न शिरता तिच्या खालच्या कडेवर घासत राहतो. त्यामुळे जे दुखणे एका बिजागरीपुरते होते, ते हुक आणि लॉक या दोहोंपर्यंत पोहोचते.

दुसरी चूक म्हणजे दोष कुठे आहे हे न पाहताच दिसतील ते स्क्रू आवळत सुटणे. आधी प्लग काढावा, दार अर्धे उघडावे, त्याची मोकळी कड धरून हलकेच वर-खाली करावी आणि नजर मात्र बिजागरीवर ठेवावी. बिजागरीची पट्टी पुढच्या पत्र्यावर सरकत असेल, तर तिचे स्क्रू ढिले आहेत. पट्टी स्थिर असून दार पिनेभोवती डगमगत असेल, तर पिन किंवा तिचे बुश (पिन ज्यात फिरते ती छोटी नळी) झिजले आहे. तिथे कितीही आवळले तरी उपयोग नाही, बिजागरीच बदलावी लागते. बिजागरी पूर्ण स्थिर असून फक्त दाराची चौकट हलत असेल, तर चौकटीतले स्क्रू आणि त्यांच्याभोवतीचे प्लॅस्टिक तडकले आहे का, हे पाहावे. बिजागरीमागचा पत्राच लवत असेल, तर गंजाची शंका घ्यावी. ओल्या न्हाणीघरात किंवा कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत ठेवलेल्या यंत्रांत हे विशेषकरून तपासावे.

बिजागरीचे सगळे स्क्रू एकदम काढू नयेत. अनेक यंत्रांत ते पत्र्यामागच्या सुट्या पट्टीत बसलेले असतात आणि ती पट्टी आत पडली, तर वरचे झाकण किंवा पुढचा पत्रा उघडावा लागतो. स्क्रू स्टारचे असल्यास त्याच मापाचा स्टार बिट वापरावा, नाहीतर डोकी झिजून पुढचे काम अवघड होते.

दार लॉक होत नाही म्हणून लगेच नवे लॉक आणणेही घाईचे ठरते. एका हाताने दार योग्य उंचीवर धरून बंद केल्यावर लॉक लागत असेल, तर दोष लॉकचा नसून दाराच्या उंचीचा आहे. तसेच खालून पाणी गळत असल्यास गास्केटला, म्हणजे दाराच्या तोंडाभोवतीच्या रबरी कड्याला, तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने ते रबर फुगते. आधी घडीतला मळ आणि काचेवरचा साबणाचा थर पुसून पाहावा.

धुणे संपल्यावर अनेक यंत्रांचे लॉक सुटायला एक-दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात हिसका देऊन दार ओढणे, उघड्या दारावर ओले कपडे टाकणे किंवा मुलांना त्यावर रेलू देणे, या सगळ्याचा भार बिजागरीवरच येतो.

दुरुस्तीनंतर दार हलक्या दाबाने बंद होऊन हुक खाचेच्या मध्यभागी जातो का, हे पाहावे. मग कपड्यांशिवाय एक छोटी फेरी चालवून गास्केटच्या खालच्या कडेवर लक्ष ठेवावे.