जुनी इलेक्ट्रिक गिटार आली की आधी काय उघडायचं

माझं दुकान भुसावळला. लग्नसराईत काम बॅण्डवाल्यांचं: बेंजोचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग), गाडीवरचा अँप्लिफायर, माईकच्या तुटलेल्या वायरी. पावसाळा लागला की गिऱ्हाईक बदलतं. माळे आवरले जातात आणि जुन्या गिटारी खाली येतात. कुणी रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन शेजाऱ्यांनी जाताना दिलेली आणतं, कुणी काकांनी कुवेतहून आणलेली, कुणी ऑर्केस्ट्रा बंद पडल्यापासून भिंतीला टांगलेली. प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, हाई कितली जुनी शे?" आणि लगेच दुसरा, "ओरिजनल शे ना?"

या प्रश्नांना एका आकड्यात उत्तर देणाऱ्याकडून गिटार घेऊ नका. स्क्रूने जोडलेल्या गिटारला एक जन्मतारीख नसतेच. बॉडी एका महिन्यात बनते, नेक म्हणजे लांब दांडा दुसऱ्या महिन्यात, व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे फिरवायच्या बटणाखालचा भाग, तर भलत्याच कंपनीचा. मी कागदावर प्रत्येक भागाचं वय वेगळं लिहितो आणि ती वयं एकमेकांशी पटतात का ते बघतो. सगळे भाग दोन-चार महिन्यांच्या फरकाने एकच गोष्ट सांगत असतील तर गिटार सहसा जशी निघाली तशीच आहे. एखादा भाग वेगळं सांगायला लागला की तिथे कुणाचा तरी हात फिरलाय.

उघडण्याआधी पुसायचं नाही. हे मी गिऱ्हाइकाला फोनवरच सांगतो, तरी निम्मे लोक कोलीन मारून, चकाचक करून आणतात. धूळ कुठे साचली, कुठे नाही, यावरून कोणता स्क्रू अलीकडे फिरला ते कळतं. मोबाईलवर समोरून, मागून, हेडस्टॉकचे (खुंट्या असतात ते टोक) आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्याचे फोटो काढा. मग सगळ्या तारा थोड्या थोड्या करत सैल करा. पुढे प्रत्येक झाकण निघालं की पुन्हा फोटो. स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत जाईल असे पुठ्ठ्यावर खोचून ठेवा. स्क्रू ड्रायव्हर फुलीचा आणि नेमक्या मापाचा हवा. घसरला की जुन्या स्क्रूचं डोकं गेलं, आणि ते डोकंच तर पुरावा असतं.

आता आपल्याकडच्या हवेबद्दल, कारण परदेशी माहिती वाचून इथे बरेच जण फसतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा कोरड्या हवेने फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची (त्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं कडेने बाहेर येऊन बोटाला बोचतात. गिटार चाळीस वर्षांची असो की चार, हे दोन्हीकडे होतं. पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या पेटीत लॅकर (लाकडावरचा चकचकीत लेप) मऊ पडून रेक्झिनचा ठसा उमटतो. घामाने ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) गंजतो तो दोन लग्नसराईंत गंजतो. म्हणजे गंज, बाहेर आलेले फ्रेट आणि पिवळं पडलेलं प्लास्टिक यावर खानदेशात वय ठरवायचं नाही. वय आतल्या बाजूला बघायचं.

पहिली जागा नेकची टाच, म्हणजे नेक बॉडीच्या खाचेत बसते तो भाग. चार स्क्रू काढले की फेंडर या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीची नेक सुटते. खाचेच्या कडेला रंग चिकटला असेल तर ओढाओढ करू नका, पातळ ब्लेडने आधी रंग मोकळा करा. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीची नेक सरसाने चिकटवलेली असते, तिला हातही लावायचा नाही. फेंडरच्या टाचेवर १९५० च्या दशकात पेन्सिलने तारीख लिहीत आणि १९६२ पासून रबरी शिक्का मारू लागले. ही तारीख नेकची. गिटार त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जोडली जाते. नेकची तारीख बॉडीपेक्षा दहा वर्षांनी नवी निघाली तर ती दोन गिटारींची मिळून एक आहे.

नंबरला लोक फार मानतात, मी कमी मानतो. फेंडरचा नंबर १९७६ पर्यंत मागच्या नेकप्लेटवर असायचा, म्हणजे स्क्रूंनी बसवलेल्या पत्र्यावर. पत्रा काढून दुसऱ्या गिटारला लावायला पाच मिनिटं पुरतात, आणि नकली पत्रे विकतही मिळतात. १९७६ नंतर नंबर हेडस्टॉकवर आला आणि पुढे अक्षर लागलं: एस म्हणजे सत्तरचं दशक, ई म्हणजे ऐंशीचं, एन म्हणजे नव्वदचं, झेड म्हणजे दोन हजारचं. अक्षरानंतरचा पहिला आकडा वर्षाचा. पण ई चारने सुरू होणारे नंबर १९८४ ते १९८७ या सगळ्या काळात सापडतात, कारण स्टिकर आधीच छापून ठेवलेले होते. त्यात जपानी फेंडरनेही १९८४ ते १९८७ मध्ये ई अक्षर वापरलं. म्हणून आधी ‘मेड इन जपान’ कुठे लिहिलंय का ते शोधा, मग अक्षर वाचा.

आपल्या भागात खरी जुनी अमेरिकन फेंडर क्वचितच निघते. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य आणणं म्हणजे जबर आयात शुल्क. जे आलं ते आखातातून किंवा बोटीवरच्या माणसाच्या सामानातून. त्यामुळे माझ्या टेबलावर जपानी स्क्वायर, म्हणजे फेंडरचाच स्वस्त ब्रँड, जास्त येतात. नंबराच्या सुरुवातीला जेव्ही असेल तर १९८२ ते १९८४, एसक्यू असेल तर १९८३-८४. फैजपूरकडच्या एका बॅण्डच्या मालकाने अशीच एसक्यूवाली आणली होती, काकांनी आखातातून पाठवलेली. पुढून सुरेख. मागून बघितलं तर प्रत्येक खुंटीच्या शेजारी एक-एक जास्तीचं भोक, मेण आणि तपकिरी बूट पॉलिशने भरलेलं. खुंट्या बदलल्या होत्या. ब्रिज उचलल्यावर खाली लाकडावर रंगाचा उजळ चौकोन दिसला, पण हल्लीच्या ब्रिजपेक्षा रुंद. म्हणजे ब्रिजही नंतरचा. नेक, बॉडी आणि पिकअप मूळचे. मालक हिरमुसला, पण गिटार वाजवायला उत्तम होती आणि आजही वाजते.

असे सावलीसारखे डाग फार उपयोगी. पिकगार्डखाली (पुढून बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीखाली), ब्रिजखाली, खुंटीच्या वाशरखाली रंगाला ऊन लागत नाही. पिकगार्ड काढल्यावर खालचा रंग बाहेरच्या रंगाइतकाच उडालेला दिसला तर गिटार नंतर रंगवलेली आहे, किंवा हल्ली मुद्दाम ‘जुनी’ करून विकतात त्यातली आहे. खरी झीज हाताच्या वाटेने जाते: कोपराजवळ, तारांखाली, नेकच्या मागे अंगठ्याच्या जागी. जिथे हात पोचतच नाही तिथे रंग उडालेला दिसला की विचारा का.

आता माझ्या आवडीची जागा, पॉट. मी मूळचा रेडिओवाला, म्हणून असेल. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडे ठोकलेले असतात. भिंग घ्या. पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. सात आकडे असतील तर पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७७६३३ म्हणजे सीटीएस, १९७६, तेहतिसावा आठवडा. सहा आकडे असतील तर वर्षाचा एकच आकडा, तो पन्नासच्या दशकातला धरायचा. शेवटचे दोन आकडे बावन्न-त्रेपन्नच्या पुढे गेले तर तुम्ही चुकीच्या जागी तोडलंय. पॉट सांगतो ते एवढंच की गिटार याच्या आधी बनलेली नाही. नंतर कितीही उशिरा बनलेली असू शकते. फेंडर सीबीएस कंपनीने १९६५ मध्ये विकत घेतली, पुढच्या वर्षी पॉटचा प्रचंड साठा करून ठेवला, आणि १९६६ चे ते पॉट १९६९ पर्यंतच्या गिटारींत सापडतात. १९६८ च्या नेकखाली १९६६ चा पॉट दिसला तर घाबरायचं कारण नाही. उलट झालं, नेक १९६६ ची आणि पॉट १९७२ चा, तर पॉट बदलला.

पॉट बघताना सोल्डरचे डागही बघा. जुना डाग मंद, राखाडी, वर धुळीचा थर. कुणी नंतर गरम केलेला डाग चकाकतो, भोवती फ्लक्सचा चिकट पिवळा ओघळ असतो, शेजारच्या वायरीचं टोक भाजलेलं असतं. फेंडरमध्ये साधारण १९६८ पर्यंत कापडी आवरणाची वायर असे, मग प्लास्टिकची आली. मीटर लावायचा तर लावा: फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर मॉडेलचे पॉट अडीचशे किलोओहमचे, पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहमचा. पण आकडा जुळला म्हणून पिकअप जुना ठरत नाही. तार आजही तेवढीच गुंडाळता येते. न हललेला डाग जास्त खात्रीचा.

स्ट्रॅटची, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरची, बाहेरची ढोबळ लक्षणंही सांगून ठेवतो, दुकानात उभ्या उभ्या बघण्यासाठी. पिकगार्डला आठ स्क्रू आणि एकच थर असेल तर १९५९ पर्यंतची पद्धत, अकरा स्क्रू आणि तीन थर असतील तर त्यानंतरची. मोठा हेडस्टॉक १९६५ च्या शेवटापासून. नेकला तीनच स्क्रू आणि हेडस्टॉकवर ट्रस रॉडची (नेकमधल्या सळईची) गोळीच्या आकाराची नट १९७१ ते १९८१. पाच खटक्यांचा स्विच कारखान्यातून १९७७ पासून, आधी तीन खटके. स्विच सहज बदलता येतो, म्हणून त्याला शेवटचा मान द्या.

गिब्सनच्या साठच्या दशकातल्या नंबरांच्या नादी लागू नका, तेच नंबर पुन्हा पुन्हा मारले गेलेत. १९७७ पासून आठ आकड्यांची पद्धत आली, ती सरळ आहे. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन वर्षातला दिवस. ८२७६५५०१ म्हणजे १९८५ चा दोनशे शहात्तरावा दिवस, ३ ऑक्टोबर. हेडस्टॉकच्या मागे ‘मेड इन यूएसए’ ठोकलेलं असेल तर १९७० किंवा नंतरची. नेक हेडस्टॉकला मिळते तिथे मागे उंचवटा असेल तर साधारण १९६९ ते १९८१. हम्बकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपखाली १९५७ पासून ‘पेटंट अप्लाईड फॉर’चं स्टिकर असे. पुढे त्या जागी पेटंटचा नंबर आला, २७३७८४२, आणि गंमत म्हणजे तो पिकअपचा नाहीच, टेलपीसच्या (तारा अडकवायच्या भागाच्या) पेटंटचा आहे. ही दोन्ही स्टिकरं आज नकली मिळतात, तेव्हा स्टिकर बघून पैसे मोजू नका.

जपानी आयबानेझ कंपनीचे नंबर सोपे. १९७५ ते १९८६ मध्ये पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. एफ ७८ म्हणजे जून १९७८. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर हेडस्टॉकच्या आकारावरून दावा लावला होता. तेव्हापासून विकणारे कुठल्याही जपानी नकलेला ‘लॉसूट गिटार’ (खटल्यातली गिटार) म्हणतात आणि भाव चढवतात. नेकजवळच्या पत्र्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ लिहिलेल्या साठच्या दशकातल्या स्वस्त जपानी गिटारीही येतात. त्यांना बहुधा नंबर नसतोच. तिथे पॉट आणि स्क्रूच्या मापावर काम चालवावं लागतं.

कोलकात्याच्या गिवसनसारख्या देशी गिटारींची गोष्ट वेगळी. जुनी पावती, पेटीतलं दुकानाचं लेबल, लग्नाचा फोटो हाच पुरावा. फोटोत गिटार दिसत असेल आणि मागे तारीख असेल तर ती कुठल्याही नंबरापेक्षा मोलाची. अशा गिटारीत रेडिओच्या दुकानातला पॉट निघाला तरी तो बदललेलाच असेल असं नाही.

शेवटी जांभळा दिवा. नोटा तपासायचा छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. नाहीतर ओळखीच्या सराफाकडून थोडा वेळ मागून आणा, जळगावला तर सराफांना तोटा नाही. अंधाऱ्या खोलीत जुनं नायट्रो लॅकर पिवळसर-हिरवट चमकतं, नंतर मारलेला ठिगळाचा रंग गडद दिसतो. हेडस्टॉकच्या सांध्याजवळ असा गडद पट्टा दिसला तर नेक एकदा मोडून जोडलेली असण्याची शक्यता मोठी. थिनरचा बोळा फिरवून लॅकर तपासायचा सल्ला कुणी दिला तर त्याला त्याच्या स्वतःच्या गिटारवर फिरवायला सांगा.

सगळं बघून झालं की कागदावर तीन रकाने करा: भाग, त्यावर सापडलेली खूण, आणि मूळचा, बदललेला की सांगता येत नाही. तिसऱ्या रकान्यात ‘सांगता येत नाही’ लिहायला लाजू नका. हा कागद फोटोंसोबत गिटारच्या पेटीत ठेवा आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, बिघडलेला पॉटसुद्धा, डबीत घालून तिथेच ठेवा. नेक परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात पडल्याचा टक् आवाज ऐका, मग आवळा. तारा त्यानंतर.