स्टुअर्ट हॉल यांचे लेखन कसे अभ्यासावे

जमैकात जन्मलेले ब्रिटिश संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांना वाचायला घेणारे बहुतेक जण त्यांचा एखादा मुख्य ग्रंथ शोधतात आणि तिथेच अडतात, कारण वसाहतवाद, स्थलांतर आणि लोकशाही यांविषयीचा त्यांचा विचार निबंधांत, भाषणांत आणि सहकाऱ्यांसोबत लिहिलेल्या पुस्तकांत विखुरलेला आहे. म्हणून आधी एक वही घ्यावी, पानाच्या मधोमध रेघ मारावी आणि डावीकडे घटना, उजवीकडे लेखन अशा नोंदी वर्षवार कराव्यात.

जन्म 1932, किंग्स्टन, जमैका. 1951 मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला प्रयाण. या नोंदींसमोर 1948 मध्ये कॅरिबियन प्रवाशांना घेऊन इंग्लंडला पोहोचलेले एम्पायर विंडरश जहाज लिहावे. इंग्रजांच्या चहातील साखर वसाहतींतून आली, म्हणजे आपण त्या कपात आधीपासूनच आहोत, असे हॉल सांगत. वसाहतवाद आणि स्थलांतर यांसाठी वेगळे रकाने का करू नयेत, हे यावरून कळते. 1956 समोर सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने इजिप्तवर केलेला हल्ला आणि हंगेरीतील उठाव सोव्हिएत सैन्याने चिरडणे, 1960 समोर ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’ या डाव्या विचारांच्या नियतकालिकाचे संपादकपद, एवढे पुरे.

1972 ला मात्र पूर्ण पान द्यावे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात एका माणसाला मारहाण करून लुटण्यात आले आणि पुढच्या वर्षी सोळा वर्षांच्या एका मुलाला 20 वर्षांची शिक्षा झाली. हॉल तेव्हा बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संस्कृती अभ्यास केंद्राचे प्रमुख होते. त्यांनी चार सहकाऱ्यांसह 1978 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘पोलिसिंग द क्रायसिस’ हे या प्रकरणावरील पुस्तक वाचताना गुन्ह्यापेक्षा त्याच्या बातम्यांकडे लक्ष द्यावे: ‘मगिंग’ (रस्त्यात मारहाण करून लुटणे) हा शब्द कुठून आला, पोलीस, न्यायाधीश आणि संपादक एकमेकांचे दाखले कसे देतात आणि काळ्या तरुणाची भीती कठोर शासनाला लोकसंमती कशी मिळवून देते. हॉल यांची सगळी पद्धत मला या एका उदाहरणात दिसते.

त्यानंतर जानेवारी 1979 चा थॅचरवादावरील, म्हणजे हुजूर पक्षाच्या नेत्या मार्गारेट थॅचर यांच्या राजकारणावरील निबंध घ्यावा आणि त्याच्या महिन्याखाली ठळक रेघ ओढावी, कारण थॅचर निवडून आल्या त्या नंतर, मे महिन्यात. शेवटी राजकीय विचारवंत भिखू पारेख यांच्या अध्यक्षतेखालील, बहुवांशिक ब्रिटनच्या भवितव्याविषयीच्या आयोगाचा 2000 सालचा अहवाल. हॉल त्या आयोगाचे सदस्य होते. ‘ब्रिटिशपणा’ या कल्पनेत वंशाचा न बोललेला अर्थ दडलेला आहे, या अहवालातील विधानावर वृत्तपत्रांनी गदारोळ केला. तेव्हा मथळे डावीकडे चिकटवावेत, पण मूळ परिच्छेद उजवीकडे स्वतःच्या हाताने, एकही शब्द न गाळता उतरवून घ्यावा.