पुण्याच्या नामवंतांची यादी करायला घेताना

गणेश मंडळाची स्मरणिका, शाळेचे प्रदर्शन, वाचनालयाची भिंत, नाहीतर संकेतस्थळावरचे एखादे पान. पुण्याच्या नामवंतांची यादी दरवर्षी कुठे ना कुठे नव्याने तयार होते आणि बहुतेक वेळा ती जुन्या यादीवरूनच उतरवलेली असते. त्यामुळे एकदा शिरलेली चूक वीस ठिकाणी पसरते. यादी नव्याने, तपासून करायची असेल तर पन्नास नावांपासून सुरुवात करा. दोनशे नावे कच्ची जमवण्यापेक्षा पन्नास पक्की केलेली बरी, कारण खरा वेळ नावे आठवण्यात जात नाही, ती पडताळण्यात जातो.

पहिले काम: ‘पुण्याचे’ म्हणजे काय ते ठरवा

टिळकांशिवाय पुण्याची यादी कोणी करणार नाही. पण त्यांचा जन्म रत्नागिरीचा (२३ जुलै १८५६) आणि मृत्यू मुंबईतला, सरदारगृहातला (१ ऑगस्ट १९२०). न्यायमूर्ती रानडे निफाडचे, आगरकर टेंभूचे, गोखले कोतळूकचे, डॉ. भांडारकर मालवणचे. भीमसेन जोशींचा जन्म कर्नाटकातल्या रोणचा, पु. ल. देशपांड्यांचा मुंबईचा. केवळ जन्मस्थळ धरले तर यादीत लोकहितवादी, जोतीराव फुले, विष्णुशास्त्री चिपळूणकर, स्मिता पाटील अशी मंडळी राहतील आणि निम्मे पुणे बाहेर जाईल. उलट ‘पुण्याशी संबंध’ एवढीच अट ठेवली तर एका व्याख्यानासाठी येऊन गेलेला माणूसही आत येईल.

यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक नावापुढे नात्याचे अक्षर लिहा: ‘ज’ जन्मासाठी, ‘शि’ शिक्षणासाठी, ‘क’ कर्मभूमीसाठी, ‘अ’ अखेरच्या वास्तव्यासाठी. ‘क’ द्यायला एक तर पुण्यात संस्था काढलेली असावी किंवा साधारण दहा वर्षांचे सलग काम असावे. दहा हा आकडा सोयीचा आहे. आठ ठेवा किंवा बारा, पण सर्वांना एकच लावा. नुसते ‘शि’ असलेले नाव घेऊ नका, कारण पुण्यात शिकून गेलेल्यांची संख्या मोजण्यापलीकडे आहे.

गोखल्यांचे उदाहरण घ्या. त्यांच्यापुढे ‘क’ आणि ‘अ’ येतील. फर्ग्युसनमधले अध्यापन, १२ जून १९०५ ला स्थापन केलेला भारत सेवक समाज आणि १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यातच झालेला मृत्यू, एवढ्यावर नोंद उभी राहते. डेव्हिड ससून यांचे नाव पुष्कळ याद्यांत नसते. जन्म बगदादचा, पेढी मुंबईची. पण १८६४ मध्ये त्यांचे निधन पुण्यात झाले आणि लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. तिथे ‘अ’ लागतो आणि तो लावलाच पाहिजे.

शहर आणि जिल्हा यांची गल्लत इथेच मिटवा. देहूचे तुकाराम महाराज, सासवडचे आचार्य अत्रे, इंदापूरच्या शांता शेळके हे पुणे जिल्ह्याचे आहेत. चापेकर बंधूंचे घर चिंचवडचे, म्हणजे आजच्या हिशेबाने वेगळ्या महापालिकेत; पण त्यांनी केलेल्या रँडवधाची २२ जून १८९७ ची घटना गणेशखिंड रस्त्यावरची. यादीच्या डोक्यावर ‘पुणे शहर’ की ‘पुणे जिल्हा’ हे ठळक लिहिले की निम्मे वाद आपोआप मिटतात.

नावे: इथेच सर्वांत जास्त चुका होतात

एकाच माणसाची दोन नावे आणि दोन माणसांचे एकच नाव, हे दोन्ही घोळ पुण्यात भरपूर आहेत. आद्याक्षरांवर कधीही विसंबू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे म्हणजे विश्वनाथ काशिनाथ. वेदाभ्यासक वै. का. राजवाडे म्हणजे त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ. इंग्रजी आद्याक्षरांत दोघे सारखेच दिसतात, म्हणून इंग्रजी सूचीवरून मराठी यादी करणारा एकाचे ग्रंथ दुसऱ्याच्या नावावर टाकतो. कर्व्यांचेही तसेच आहे. धोंडो केशव हे महर्षी, रघुनाथ धोंडो हे संततिनियमनाचा प्रचार करणारे, दिनकर धोंडो हे फर्ग्युसनचे प्राध्यापक, आणि इरावती या दिनकररावांच्या पत्नी. चौघांच्या चार स्वतंत्र नोंदी लागतात. गाडगिळांत काकासाहेब म्हणजे नरहर विष्णू. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव वेगळे, आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ धनंजयरावांचे चिरंजीव.

गंधर्वांपाशी तर हमखास गोंधळ होतो. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे, कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. यांपैकी पहिल्या तिघांचे निधन पुण्यात झाले. कुमारांची कर्मभूमी देवास. त्यांना मैफलींच्या आठवणींमुळे यादीत ओढण्याचा मोह आवरा. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून पुण्यात होतो, तो भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. महोत्सवात गायलेला प्रत्येक कलावंत त्यामुळे पुण्याचा होत नाही.

टोपणनावांसाठी ‘पाहा’ची नोंद करा. ‘विभावरी शिरूरकर: पाहा बेडेकर, मालतीबाई’. त्यांचे माहेरचे नाव बाळूताई खरे, म्हणजे एकाच लेखिकेची तीन नावे झाली आणि तिन्ही नावांनी शोधणारे वाचक आहेत. तसेच ‘माधव जूलियन: पाहा पटवर्धन, माधव त्र्यंबक’, ‘अज्ञातवासी: पाहा केळकर, दिनकर गंगाधर’. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव नोंदीत हवेच. ते नसेल तर शाळेची, वसतिगृहाची, लग्नाआधीच्या लेखनाची कागदपत्रे कधीच जुळत नाहीत.

पदव्या आणि उपाध्या वेगळ्या रकान्यात ठेवा. ‘महात्मा’, ‘महर्षी’, ‘महामहोपाध्याय’ नावाला जोडून टंकले की फुले, कर्वे, पोतदार असे सगळे म अक्षराखाली जाऊन बसतात.

तारखा

जुन्या चरित्रांत शक दिलेला असतो. इसवी सन काढण्यासाठी त्यात सरसकट ७८ मिळवणे ही नेहमीची चूक आहे. शकवर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये सुरू होते. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवून बहुधा चालते, माघ-फाल्गुनात ७९ लागतात, आणि पौष दोन्हीकडे पडू शकतो, म्हणून पौषाची तिथी दिसली की जुने पंचांग किंवा जंत्री उघडायचीच. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, तेव्हा शके १७५२ चालू होते. ७८ मिळवले तर १८३० येते आणि एक वर्ष हरवते.

पेशवाईतल्या माणसांसाठी सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या मराठी कागदांतली कालगणना, ओळखता यायला हवा. तो मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. पानिपतची लढाई त्या सालात, जानेवारीत झाली. ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. थोरल्या बाजीरावांच्या काळातली इंग्रजांची पत्रे वापरत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: सप्टेंबर १७५२ पर्यंत इंग्रज जुनी दिनदर्शिका पाळत आणि ती अठराव्या शतकात ११ दिवस मागे होती. मराठी कागदातली आणि इंग्रजी पत्रातली तारीख जुळत नाही म्हणून दोन वेगळ्या घटना मानण्याआधी हे ११ दिवस मिळवून पाहा.

मध्यरात्रीनंतरच्या घटना दुहेरी सापडतात. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख बारा वाजता. टिळकांचे निधन मध्यरात्र उलटल्यावर झाले, म्हणून तारीख १ ऑगस्ट. पण त्या रात्रीच्या हकिगती सांगणारे बरेच जण ३१ जुलै म्हणतात आणि तेही आपल्या परीने खोटे बोलत नसतात. वार दिलेला असेल तर तो जरूर ताडून पाहा. १ ऑगस्ट १९२० हा रविवार होता.

विसाव्या शतकातल्या माणसांसाठी शाळेच्या दाखल्यावर आंधळा विश्वास नको. मुलाला शाळेत घालताना १ जून ही तारीख लावून टाकायची रीत होती. जन्मतारीख १ जून दिसली की दुसरा आधार मिळेपर्यंत पेन्सिलीनेच लिहा.

वयाची वजाबाकी नुसत्या सालांवरून करू नका. आगरकर १४ जुलै १८५६ ला जन्मले आणि १७ जून १८९५ ला गेले. सालांतले अंतर ३९, पण पूर्ण वर्षे ३८. विष्णुशास्त्री २० मे १८५० ते १७ मार्च १८८२, म्हणजे ३१ पूर्ण, ३२ नव्हे.

जिथे तारखेवर एकमत नाही तिथे ठाम लिहू नका. भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेचे साल १८४८, यावर वाद नाही. दिवस आणि महिना वेगवेगळे दिले जातात. अशा ठिकाणी ‘१८४८’ एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिक. आनंदीबाई जोशींचे जन्मस्थळ कुठे पुणे तर कुठे कल्याण आढळते. बाळंतपण आजोळी होण्याच्या चालीमुळे हा घोळ अनेकांच्या बाबतीत होतो, म्हणून ‘जन्म’ आणि ‘मूळ गाव’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, आणि ते जन्मगाव समजून छापलेले सापडते.

स्थळे

पेठांची नावे बदलली आहेत. गंज पेठेची महात्मा फुले पेठ झाली, वेताळ पेठेची गुरुवार पेठ. जुना पत्ता जसाच्या तसा लिहा आणि आजचे नाव कंसात द्या. उलट केले तर मूळ कागद शोधणारा भरकटतो. वाड्यांचेही तसेच: गायकवाड वाडा आणि केसरी वाडा एकच. भिंतीवरच्या फलकाचा फोटो घ्या, पण फलकावरची तारीख हा एकमेव आधार मानू नका. फलक रंगवणाऱ्यानेही कुठल्यातरी यादीवरूनच मजकूर घेतलेला असतो.

घरगुती कागद मागायला जाल तेव्हा १२ जुलै १९६१ लक्षात ठेवा. पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांमधली असंख्य घरे गेली, त्यांबरोबर पत्रे, कुंडल्या, छायाचित्रेही गेली. अशा कुटुंबाकडे कागद नाही म्हणून माहिती खोटी ठरत नाही. तिथे समकालीन वृत्तपत्रातली मृत्युवार्ता आणि संस्थेचे वार्षिक अहवाल शोधा. प्रत्येक तारखेला एकमेकांवरून न उतरवलेले दोन आधार हवेत. दोन पुस्तकांत तीच चूक त्याच शब्दांत असेल तर तो एकच आधार धरा.

कोण सुटते

पहिला खर्डा झाला की तो पेठेनुसार, जातीनुसार, व्यवसायानुसार डोळ्यांखालून घाला. बहुतेक खर्ड्यांत सदाशिव-नारायण-शनिवारातले लेखक आणि प्राध्यापकच दाटलेले असतात. मग लहुजी वस्ताद साळवे, केशवराव जेधे, अस्पृश्यतानिवारणाला आयुष्य देऊन १९४४ मध्ये पुण्यातच वारलेले विठ्ठल रामजी शिंदे, अखेर पुण्यात झालेले शाहीर पठ्ठे बापूराव, गानहिरा हिराबाई बडोदेकर ही नावे राहून गेल्याचे दिसते. प्रभात फिल्म कंपनीचे दामले-फत्तेलाल कोल्हापूरचे म्हणून वगळले जातात, पण कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. त्यांच्यापुढे ‘क’ हवा. ही नावे औदार्य म्हणून भरायची नाहीत. तीच कसोटी लावा, ती सहज पार होतात.

हयात व्यक्तींबद्दल थोडक्यात: घरचा पत्ता, दूरध्वनी, कुटुंबीयांची नावे नकोत. जन्मसाल पुरे.

नोंद कशी दिसावी

कर्वे, इरावती दिनकर (माहेर: करमरकर). मानवशास्त्रज्ञ, लेखिका. ज. १५ डिसेंबर १९०५, म्यिंजान, ब्रह्मदेश. मृ. ११ ऑगस्ट १९७०, पुणे. नाते: शि, क, अ. हुजूरपागा, फर्ग्युसन, १९३९ पासून डेक्कन कॉलेज.

एवढ्या जागेत वाचकाला हवे ते सगळे मिळते. ‘थोर’, ‘सुप्रसिद्ध’ ही विशेषणे काढून टाका. त्या जागेत एक संस्था किंवा एक साल मावते.

संगणकावर अकारविल्हे लावताना ‘ळ’ तपासा. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो, संगणक त्याला ‘ल’ नंतर बसवतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ संगणक अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ मध्ये घालतो. तसेच ठेवायचे असेल तर प्रस्तावनेत सांगा. फुल्यांचे मूळ आडनाव ‘गोऱ्हे’ कोणी ‘गोर्हे’ असे टंकले असेल तर शोध घेताना ते सापडत नाही. ‘जोतीराव’ आणि ‘ज्योतिराव’ यांपैकी एक मुख्य ठेवून दुसऱ्याला ‘पाहा’ द्या.

छपाईला देण्याआधी एकाने मूळ टिपण हातात घ्यावे आणि दुसऱ्याने मुद्रित प्रतीतले आकडे मोठ्याने वाचावेत, अंक सुटे सुटे: एक, आठ, पाच, सहा. १८५६ चे १८६५ झालेले डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच खटकते.