नव्वद इंचांत किदूस गियोर्गिस: वाचनालयाच्या भिंतीसाठी कालपट्टी

उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या उपटल्या की वावरं मोकळी होतात आणि गावातल्या फुटबॉल मंडळाच्या पोरांना संध्याकाळी दोन तास मिळतात. त्या दिवसांत वाचनालयाच्या किंवा शाळेच्या भिंतीसाठी करता येण्यासारखं हे काम आहे: अदिस अबाबाच्या किदूस गियोर्गिस, म्हणजे सेंट जॉर्ज, या फुटबॉल क्लबाची कालपट्टी. १९३५ साली स्थापन झालेला हा क्लब इथिओपियात सगळ्यात जास्त वेळा विजेता ठरलेला आहे. त्याचा इतिहास नुसता उतरवून काढला तर हमखास चुकतो, कारण त्या देशाचं पंचांग वेगळं आहे. म्हणून पट्टीवर दोन मोजमापं काढायची, वर इसवी सन आणि खाली इथिओपियन साल.

माप सोपं आहे, एक इंच म्हणजे एक वर्ष. १९३५ ते २०२५ ही ९० वर्षं, म्हणजे ९० इंच, साडेसात फूट. २२ बाय २८ इंचाचे चार चार्ट पेपर आडवे घ्या. प्रत्येक जोडाला एक इंच एकमेकांवर चढवला की १०९ इंच लांबी मिळते आणि दोन्ही टोकांना साडेनऊ इंच मोकळे राहतात. जोडायला दोन भाग फेव्हिकॉलमध्ये एक भाग पाणी पुरे. जास्त पातळ केलं तर कागद भिजून फुगतो आणि सुरकुत्या पडतात. मैद्याची खळ वापरू नका. पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि झुरळं जोड खाऊन टाकतात. जोडलेला कागद रात्रभर पाट किंवा जड पुस्तकांखाली सपाट वाळू द्या आणि रेघा त्यानंतरच मारा. ओला कागद ताणलेला असतो, वाळताना आखडतो, मग इंच इंचाला जुळत नाही.

खुणा करताना एक नियम पाळा: प्रत्येक खूण शून्यापासून मोजायची, आधीच्या खुणेपासून नाही. एका खुणेला एक मिलिमीटर चुकत गेलं तर नव्वदाव्या खुणेला नऊ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे साडेतीन वर्षं. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते. गवंड्याची स्टीलची टेप घ्या. एकानं शून्यावर धरायची, दुसऱ्यानं पेन्सिल चालवायची.

आता खालचं मोजमाप. खरी मेहनत इथं आहे. इथिओपियाचं नवं वर्ष मेस्केरेम महिन्याच्या १ तारखेला, म्हणजे ११ सप्टेंबरला लागतं (इसवी सनाच्या लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ सप्टेंबरला). वर्षात १३ महिने असतात. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पागुमे पाच किंवा सहा दिवसांचा. आपल्याकडे शकात कधी ७८ तर कधी ७९ मिळवून इसवी सन काढतात, तसंच इथं कधी ७ तर कधी ८ मिळवायचे: सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत ७ आणि १ जानेवारीपासून पुढच्या नववर्षापर्यंत ८. म्हणून खालच्या रेघा वरच्या रेघांच्या बरोबर खाली येत नाहीत. ११ सप्टेंबर हा दिवस वर्षाच्या सत्तर टक्क्यांवर येतो, म्हणून १९३५ च्या रेघेपासून ०.७ इंच, म्हणजे साधारण १८ मिलिमीटर, उजवीकडे सरकून पहिली खालची रेघ मारा आणि तिथं १९२८ लिहा. पुढच्या रेघा तिथून इंचाइंचानं, पण मोजायच्या वरच्या शून्यापासूनच: १.७, २.७, ३.७.

ही सरकलेली पट्टी काय करते ते एका नोंदीवर पाहा. इथिओपियाची प्रीमियर लीग तिथल्या १९९० साली सुरू झाली. घाईत ‘१९९०’ वरच्या पट्टीवर लिहिलं की नोंद पावणेआठ इंच डावीकडे जाते आणि सगळा क्रम बिघडतो. खाली १९९० शोधा. ते ६२.७ इंचावर सुरू होतं आणि त्याच्या वर १९९७ चा शेवट व १९९८ ची सुरुवात दिसते. म्हणजे हंगाम १९९७-९८. फुटबॉलचा हंगाम शरदात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, त्यामुळे इसवी सनात त्याला दोन आकडे लागतात आणि इथिओपियन सालात बहुधा एकच पुरतो. कोणत्याही नोंदीत हंगामाला एकच आकडा दिसला तर आधी विचारा, हा कुठल्या पंचांगाचा?

नोंदी भरताना डावीकडून या. डिसेंबर १९३५ मध्ये अदिस अबाबाच्या अरादा भागात क्लब स्थापन झाला. पट्टीवर ही जागा ०.९५ इंचाच्या आसपास येते. इटलीनं इथिओपियावर स्वारी केली ३ ऑक्टोबर १९३५ ला आणि राजधानी पडली ५ मे १९३६ ला, म्हणजे या दोन खुणांच्या मधल्या अर्ध्या इंचात हा क्लब जन्मला. ही तीन टोकं एकमेकांना चिकटून काढा, जागा कमी पडली म्हणून दूर सारू नका. परक्याच्या ताब्याच्या काळात क्लबाला ‘लित्तोरिओ वुबे सेफेर’ असं नाव घ्यायला लावलं गेलं. १९४१ ला देश मोकळा झाला. १९४४ च्या पहिल्या स्पर्धेत पाच संघ होते: सेंट जॉर्ज, आर्मेनियनांचा अरारात, ग्रीकांचा ऑलिंपियाकोस, इटालियनांचा फोर्तितुदो आणि ब्रिटिश लष्करी मिशनचा संघ. जिंकला ब्रिटिश संघ. सेंट जॉर्जचं पहिलं विजेतेपद १९५० चं, नंतर १९६६, १९६७, १९६८ सलग. २०१४ ते २०१७ ही चार सलग. २०१७ मध्येच आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचणारा हा पहिला इथिओपियन क्लब ठरला.

एका माणसासाठी वेगळी रंगीत फीत चिकटवा. यिदनेकाचेव तेस्सेमा २३ वर्षं या क्लबाकडून खेळले. ३६५ सामने, ३१८ गोल. फीत २३ इंच लांब कापा. मग १९७२ ते १९८७ अशी पंधरा इंचांची दुसरी फीत, कारण त्या काळात ते आफ्रिकन फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. दोन्हींच्या मध्ये २७ इंचाच्या जरा पुढं एक टाचणी लावा: २१ जानेवारी १९६२, तिथलं १३ तेर १९५४. त्या दिवशी त्यांच्या मार्गदर्शनाखाली इथिओपियानं आफ्रिकन नेशन्स कपच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत इजिप्तला ४-२ नं हरवलं. नाव लिहिताना ‘तेस्सेमा’ला आडनाव समजू नका. ते वडिलांचं नाव आहे. तिथं आडनाव नसतं, म्हणून अनुक्रमणिकेत ‘यि’खाली घ्या. त्याच संघाचा कप्तान लुचियानो वासालो याचे वडील इटालियन होते, त्याचं वासालो मात्र आडनावच आहे.

विजेत्यांची नावं लिहिताना कंसात अर्थ द्या, वाचणाऱ्याला संघ कोणाच्या पैशावर चालला ते कळतं. बुन्ना म्हणजे कॉफी, मेब्रात हाइल म्हणजे वीज कंपनी, मेद्र बाबूर म्हणजे रेल्वे. दिरे दावाच्या कापूस गिरणीचा संघ १९६०, १९६२, १९६३ आणि १९६५ ला देशाचा विजेता होता. कापूस पिकवणाऱ्या आपल्या गावात ही ओळ पट्टीवर ठळक असायलाच हवी. आज एरिट्रियाची राजधानी असलेल्या अस्माराचे संघही जुन्या यादीत सापडतील. ते चुकून आलेले नाहीत. एरिट्रिया १९९३ पर्यंत स्वतंत्र देश नव्हता.

सामन्याची वेळ लिहायची असेल तर सहा तास मिळवा. तिथले ‘नऊ वाजता’ म्हणजे दुपारचे तीन, आपल्याकडचे साडेपाच.

स्केचपेनची अक्षरं एका उन्हाळ्यात उडतात. पोस्टर कलर किंवा परमनंट मार्कर वापरा. दुपारचं ऊन येणारी भिंत टाळा आणि मागे इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल कागदाला लागणार नाही. उजवीकडचे साडेनऊ इंच कोरे ठेवायचे. हंगाम संपला की तिथं विजेत्याचं नाव आधी पेन्सिलीनं लिहा आणि वरचं व खालचं साल दोन वेगवेगळ्या पोरांनी मोजून जुळलं, तरच मार्कर फिरवा.