दोन फोन शेजारी ठेवून 'कोणाचं गुगल भारी' ठरवताय? या चुका टाळा

कराडला स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसाआड तरी कोणीतरी काउंटरवर दोन फोन शेजारी शेजारी मांडतं, दोघांना एकाच दमात हाक मारतं आणि निकाल देऊन मोकळं होतं: "ह्याचं गुगल भारी, त्याचं बंडल." 'गुगल' म्हणजे हाक मारली की ओ देणारा आणि सांगितलेलं काम करणारा फोनमधला असिस्टंट. आयफोन असला तरी शब्द 'गुगल'च. तुलना अर्ध्या मिनिटात संपते. त्या निकालावर पंचवीस हजारांची खरेदी होते आणि महिन्याभरानं तोच माणूस तोंड पाडून माझ्यासमोर उभा असतो.

बहुतेक वेळा दोन्ही फोन धडधाकट असतात. एकाला पाय बांधून पळवलेलं असतं, एवढंच.

आवाज एकाचा, फोन दुसऱ्याचा

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार, कारण ती मी स्वतःही केली आहे.

पाटणकडच्या एका गावातून एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे येतात. काचबिंदूनं नजर पार अधू झालेली, त्यामुळे फोनशी बोलूनच सगळी कामं. पुण्याच्या मुलानं एक अख्खा रविवार घालवून दोन फोनांची तुलना केली, त्यातला 'हुशार' निवडला, सगळं सेट करून दिवाळीत वडिलांच्या हातात दिला. मुलगा परत गेला आणि फोन बिघडला. म्हणजे गुरुजींनी दहा हाका मारल्या तर तीन-चारांनाच ओ द्यायचा.

मी म्हटलं, "गुरुजी, कमी ऐकू येतंय याला."

"बहिरा नाही हा," गुरुजी म्हणाले. "बहिरा असता तर कधीच ऐकलं नसतं. हा मनात येईल तेव्हा ऐकतो. असली पोरं मी चाळीस वर्षं पाहिलीत."

रोगाचं निदान त्या माणसानं तिथंच केलं होतं. मी मात्र माझ्या शहाणपणात. माइक साफ केला, कव्हर काढलं, अपडेट टाकलं, सिम बदलून पाहिलं. शेवटी थकून सांगितलं की दुसऱ्या कंपनीचा घ्या. एक्स्चेंजमध्ये गुरुजींचे चार हजार गेले. मुलगा पुन्हा आला, नवा फोन पुन्हा त्यानंच सेट केला आणि आठ दिवसांत तीच तक्रार घेऊन दोघं दुकानात. गुरुजी स्टुलावर, फोन त्यांच्या शबनम पिशवीत. मुलानं वैतागून दारातूनच फोनला हाक मारली, तर पिशवीतून टुंग करून उत्तर! वडिलांच्या मांडीवर असलेला फोन वडिलांचं ऐकत नव्हता आणि दारातल्या मुलाचं पिशवीतून ऐकत होता.

दोन्ही वेळा आवाज मुलाचा नोंदवलेला. बापलेकांच्या आवाजात थोडं साम्य होतं म्हणून तीन-चार हाका लागू पडत होत्या. साम्य नसतं तर एकही लागली नसती आणि मग कदाचित मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

हे असं का होतं ते समजून घ्या. 'हे गुगल' किंवा आयफोनच्या असिस्टंटसाठी 'हे सिरी' ही हाक ऐकायला फोनमध्येच एक छोटी यंत्रणा कान टवकारून बसलेली असते. पहिल्यांदा फोन लावताना ती तुमच्याकडून तीच हाक दोन-चारदा म्हणवून घेते आणि त्यावरून मालकाचा आवाज ओळखायला शिकते. गुगल याला 'व्हॉइस मॅच' म्हणतं. सिरीचंही तसंच आहे. परक्या आवाजाला उत्तर न देणं हा बिघाड नाही, ती राखण आहे.

माझी आता ठरलेली सवय: फोन जो वापरणार त्यानंच हाक मारायची, बाकीच्यांनी काउंटरपासून लांब. जुनी आवाजाची नोंद पुसायची आणि त्याच माणसाकडून नव्यानं घ्यायची, तीही पंखा चालू ठेवून, कारण घरी पंखा चालूच असणार. गुरुजींची नोंद दोनदा घ्यावी लागली. पहिल्या वेळी कवळी खिशात होती.

आणखी एक सांगतो. हाक ऐकणं आणि सांगितलेलं समजणं हे दोन वेगळे विषय आहेत, त्यांचे मार्क एकत्र करू नका. समज तपासायची असेल तर हाक मारूच नका. बटण दाबून असिस्टंट उघडा आणि मग बोला. दहातले आठ 'नापास' फोन इथंच पास होतात.

समोर नक्की कोण आहे?

"सॅमसंगचं असिस्टंट वापरून पाहिलं, काही खास नाही," असं सांगणाऱ्याला मी विचारतो, कोणतं? त्या फोनात सॅमसंगची बिक्सबी आहे, जी २०१७ मध्ये गॅलॅक्सी एस ८ बरोबर आली. त्यातच गुगलही आहे. बाजूचं बटण दाबून धरलं की कोण उठणार, ते फोनवर आणि सेटिंगवर ठरतं. कित्येक वर्षं बिक्सबी उठायची. २०२५ च्या एस २५ पासून त्या जागी गुगलचं नवं असिस्टंट जेमिनी बसलं. अँड्रॉइडवर कोणी ॲमेझॉनच्या अलेक्साला मुख्य असिस्टंट करून ठेवलं असेल तर आणखी तिसरंच कोणी.

गुगलच्या घरातही दोन आहेत. जुना असिस्टंट २०१६ चा. जेमिनी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या जागी बसवता येऊ लागलं, पण सुरुवातीला जुन्याची सगळी घरकामं त्याला येत नव्हती. एका हाकेसरशी चार कामं करून देणारी रूटीन हे त्यातलं एक. मार्च २०२५ मध्ये गुगलनं जाहीर केलं की फोनवरच्या जुन्या असिस्टंटची जागा जेमिनी घेणार. सिरीचंही असंच. आयफोन १४ मधली सिरी आणि १६ मधली सिरी नावानं एक आहेत, पण डिसेंबर २०२४ च्या आयओएस १८.२ पासून (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टीम) अवघड प्रश्न चॅटजीपीटीकडे पाठवण्याची सोय आली ती फक्त १५ प्रो आणि त्यापुढच्या फोनांत.

त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचा तुलनेचा व्हिडिओ दाखवत कोणी भांडायला आलं की मी फक्त व्हिडिओची तारीख दाखवतो.

इंग्रजीत परीक्षा, मराठीत संसार

दुकानात उभं राहून "व्हॉट इज द वेदर टुडे" विचारायचं आणि घरी जाऊन "उद्या पाऊस हाय का रं" म्हणायचं. हा प्रकार मी रोज बघतो.

गुगल असिस्टंट मराठी बोलायला लागलं ऑगस्ट २०१८ मध्ये. जेमिनीचं ॲप जून २०२४ मध्ये भारतात आलं तेच मराठीसकट नऊ भारतीय भाषा घेऊन. सिरीचा रस्ता वेगळा: २०२३ च्या आयओएस १७ पासून भारतीय इंग्रजीच्या जोडीला मराठी ठेवून मिसळीची वाक्यं बोलता येतात. म्हणजे एकीकडे भाषाच मराठी, दुसरीकडे इंग्रजीत मराठीची फोडणी. दोघांना शुद्ध मराठीत प्रश्न विचारून सिरीला ढ म्हणणं हे जोडविषय घेतलेल्या पोराला मुख्य विषयाचा पेपर देण्यासारखं आहे. आधी दोन्ही फोनांची असिस्टंटची भाषा तपासा. फोनची भाषा मराठी असली म्हणजे असिस्टंटची असेलच असं नाही. बऱ्याच फोनांत ती वेगळ्या जागी असते.

राजधान्या विचारू नका

माझी दुसरी डोकेदुखी. "भारताचा पहिला पंतप्रधान कोण?" "एक जोक सांग." अहो, हे कोणीही सांगतं. उद्या सकाळी तुम्ही फोनला राजधानी विचारणार आहात की गजर लावायला सांगणार आहात?

माझ्याकडे एक जुनी डायरी आहे, तीत दहा वाक्यं लिहिलेली आहेत. गिऱ्हाइकानं दोन्ही फोनांवर प्रत्येक वाक्य तीन वेळा म्हणायचं आणि मी बरोबर-चूक मांडायची. पंधरा-वीस मिनिटं लागतात. निम्मे लोक तिसऱ्या वाक्याला उठून जातात: "भाऊ, तुम्हीच सांगा ना कुठला घेऊ." पंचवीस हजार द्यायला वेळ आहे, वीस मिनिटं द्यायला नाही.

वाक्यं साधीच, पण खोडी काढणारी. "पावणेसहाचा गजर लाव." "सव्वा तासानं उठव." "अडीच मिनिटांचा टायमर लाव." सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे ही आपली मापं आहेत आणि खरा कस तिथंच लागतो. एका फोननं माझ्यासमोर पावणेसहाचा गजर सहाला लावला. भाजीवाल्या बाईंचा फोन तो. त्या पंधरा मिनिटांत त्यांची मार्केटची गाडी गेली असती. मग आकडे: पंचावन्न आणि पंच्याण्णव, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी. बोलणाऱ्याची जीभच जिथं अडखळते तिथं यंत्राला दोष देताना जपून. "परवाची आठवण ठेव" हेही म्हणून बघा. मराठीत काल आणि उद्या हिंदीच्या 'कल'सारखे एकात एक अडकत नाहीत, पण परवा मागचाही असतो आणि पुढचाही. चांगला असिस्टंट पुढचा धरतो किंवा तारीख बोलून दाखवतो. तारीख बोलून दाखवणाऱ्याला मी जास्त मार्क देतो, माझं वैयक्तिक मत.

डायरीतलं शेवटचं वाक्य, "आईला फोन लाव." इथं गंमत होते. आईचा नंबर सेव्ह कसा असतो? 'AAI' असा इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पुढं 'न्यू २', त्यापुढं लाल बदाम. माझ्या एका मित्राच्या फोनात त्याची बायको 'होम मिनिस्टर' आहे आणि तो "सुनंदाला फोन लाव" म्हणत ओरडत असतो. असिस्टंट काय ज्योतिषी आहे? फोनबुकातलं नाव उच्चारासारखं लिहा, किंवा संपर्कातल्या टोपणनावाच्या रकान्यात आपण हाक मारतो ते नाव घाला. आयफोनवर आणि गुगलच्या संपर्क ॲपमध्ये उच्चाराचाही रकाना असतो. कोणी भरत नाही.

बाकीच्या, पटपट

आयफोन टेबलावर पालथा ठेवलात तर तो हाकेला उठत नाही. तो मुद्दाम तसा बनवलाय. हवं असेल तर ॲक्सेसिबिलिटीत बदलता येतं. पालथा आयफोन आणि उताणा अँड्रॉइड अशी शर्यत मी निदान पाच वेळा पाहिली आहे.

बॅटरी सेव्हर चालू असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनांत हाक ऐकणं बंद होतं. तुलनेआधी दोन्हीकडे तो बंद करा.

एक फोन कुलूपबंद, दुसरा उघडा, असं चालत नाही. कुलूपबंद फोन खासगी गोष्टींसाठी आधी कुलूप उघडायला सांगणारच. तो मंद नाही.

एक घरच्या वायफायवर आणि दुसरा एका काडीच्या नेटवर, हेही नको. उलट दोन्ही एकदा विमान मोडवर टाकून बघा, खूप शिकाल. आयओएस १५ पासून, म्हणजे २०२१ पासून, ए १२ किंवा त्यापुढची चिप असलेल्या आयफोनांवर सिरी गजर आणि टायमरसारखी कामं नेटशिवाय करू शकते. घाटातल्या गावी राहणाऱ्याला जोकपेक्षा हे मोलाचं.

गणपतीच्या मांडवात तुलना करू नका. खरंच आले होते दोघं.

टाचणी

"आवाज नीट घेत नाही म्हणून मी माइक साफ केला." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कशानं? टाचणीनं. नाहीतर सिम काढायच्या पिननं. फोनच्या कडेला दोन-तीन भोकं असतात. एक सिमच्या ट्रेचं, बाकीची माइकची, आणि ती दिसायला सारखीच. एका कॉलेजच्या पोरानं सिम काढायला वरच्या भोकात पिन घातली, ट्रे निघेना म्हणून जोर लावला. भोक माइकचं होतं. मग त्यानं मित्राच्या फोनशी तुलना करून मला सांगितलं की त्याच्या फोनचं असिस्टंट 'डाउन' आहे.

माइकचा संशय असेल तर असिस्टंटला हातच लावू नका. फोनमधल्या रेकॉर्डरवर अर्धा मिनिट बोला आणि ऐका. तिथंच आवाज बुडबुड्यांतून आल्यासारखा वाटला तर दोष माइकचा किंवा कव्हरचा. कव्हर काढून पुन्हा रेकॉर्ड करा. स्वस्तातल्या जाड कव्हरांची भोकं जागेवर नसतात. तरीही तसंच असेल तर कोरडा मऊ ब्रश, बाहेरून. आत काही घालायचं नाही, फुंकायचंही नाही, तोंडातली वाफ आत जाते.

आणि ते फॅक्टरी रिसेट. "यूट्यूबवर सांगितलं की रिसेट मारलं की सगळं नीट होतं." होतं ना. भाषा पुन्हा इंग्रजी होते, आवाजाची नोंद जाते, फोनबुक कुठं गेलं ते कळत नाही आणि पोरीच्या बारशाचे फोटो परत मिळतील का म्हणून नवराबायको माझ्या काउंटरवर येतात. बॅकअप घेतला होता का, असं विचारलं की ती त्याच्याकडे बघते आणि तो फोनकडे.