मॉलसाठी झोनबदल होत असेल तर हरकत कशी घ्यावी

लातूर किंवा परभणीत वस्तीशेजारच्या रहिवासी जागेवर मॉल येणार अशी कुणकुण लागली, तर मोर्चाआधी नगररचना विभागातून त्या जमिनीच्या गट क्रमांकाचा झोन दाखला (जागा रहिवासी, व्यापारी की अन्य वापरासाठी आहे हे सांगणारा दाखला) आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला त्या जागेपुरता उतारा) काढावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार विकास योजनेत, म्हणजे शहरातली कोणती जागा कोणत्या वापरासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्यात, झोनबदलासारखा किरकोळ फेरबदल करताना सूचना राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. हरकत कोणीही घेऊ शकतो. अर्जात नुसता ‘विरोध आहे’ असे न लिहिता रस्त्याची मोजलेली रुंदी, टँकर वळण्याची अडचण आणि शाळा सुटतानाची गर्दी नोंदवावी. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.