बार्थोलोम्यू काउंटीत राहायला येताय? आधी काउंटी समजून घ्या

पुण्याहून कमिन्स या इंजिन कंपनीच्या कामासाठी येणाऱ्यांचं अमेरिकेतलं पहिलं घर बऱ्याचदा इंडियाना राज्यातल्या कोलंबसमध्ये असतं. कंपनी 1919 साली इथेच सुरू झाली आणि 1962 पासून पुण्याशी जोडली गेली, त्यामुळे किराणा दुकानात मराठी कानावर पडली तर नवल वाटत नाही. नवीन आलेले साहजिकच कोलंबसची चौकशी करतात. हे शहर बार्थोलोम्यू काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात, येतं. पण इथला स्थानिक आयकर, गावाबाहेरचे रस्ते, बर्फातली वाहतूकबंदी आणि शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) हे सगळं काउंटीकडे असतं. 2020 च्या जनगणनेत काउंटीत सुमारे 82 हजार लोक होते, त्यातले 50 हजार शहरात. बाकीचे होप, हार्ट्सव्हिल, एलिझाबेथटाउन, टेलर्सव्हिल अशा गावांत आणि शेतांवर राहतात.

घर बघण्याआधी नद्या बघा. ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या नद्या कोलंबसला मिळतात आणि तिथून पुढे व्हाइट नदीचा ईस्ट फोर्क (पूर्वेकडची शाखा) सुरू होतो. हॉ क्रीक आणि क्लिफ्टी क्रीक हे ओढे शहराच्या पूर्व अंगाने येतात. जून 2008 मध्ये हॉ क्रीकचं पाणी थेट काउंटीच्या मोठ्या रुग्णालयात शिरलं होतं. म्हणून घर भाड्याचं असो की विकतचं, त्याचा पत्ता फेमा या सरकारी आपत्ती संस्थेच्या पूरनकाशावर तपासाच. साध्या घरविम्यात पूर येत नाही, आणि पूरविमा काढल्यावर साधारण 30 दिवसांनी लागू होतो. पावसाचा अंदाज ऐकून धावपळ केली तर उपयोग नाही. दक्षिणेकडचा स्टेट रोड 11 जोराच्या पावसात पाण्याखाली जातो. ऑफिसला जायचा दुसरा रस्ता आधीच पाठ करून ठेवा.

गावाबाहेरच्या रस्त्यांची नावं म्हणजे अंतरं आहेत. कोलंबसच्या आसपास शून्याच्या दोन रेषा धरलेल्या आहेत, एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम. 100 म्हणजे एक मैल. ‘400 नॉर्थ’ हा रस्ता शून्यरेषेच्या चार मैल उत्तरेला. घरनंबरही तसाच, फक्त त्यात 1000 म्हणजे एक मैल: ‘6350 वेस्ट 200 साउथ’ म्हणजे दोन मैल दक्षिणेच्या रस्त्यावर, पश्चिमेला सहा मैलांच्या थोडं पुढे. चूक होते ती दिशेत. 400 नॉर्थ आणि 400 साउथ यांच्यात आठ मैलांचं अंतर आहे, म्हणून 911 या आपत्कालीन नंबरला फोन केलात तर दिशा स्पष्ट सांगा. एकाच नंबरचा रस्ता नदीपाशी तुटून पलीकडे पुन्हा सुरू होतो, तेव्हा फोनमधल्या नकाशावर डोळे झाकून विसंबू नका. पश्चिमेला ब्राउन काउंटीकडे टेकड्या लागतात. हिमनद्यांनी पूर्वेकडची जमीन सपाट केली, त्या टेकड्यांपर्यंत त्या पोचल्या नाहीत. तिथे ही चौकट मोडते आणि रस्ते वळणावळणाचे होतात.

ऑगस्टमध्ये मका डोक्याच्या वर जातो आणि चौकात आडवा येणारा रस्ता दिसत नाही. स्टॉपची पाटी नसली तरी तिथे वेग कमी करा. सप्टेंबर ते नोव्हेंबर कंबाइन (कापणीची अवजड यंत्रं) रस्त्यावर असतात. मागे नारिंगी त्रिकोण असलेलं वाहन अगदी हळू चालतं, आणि ते डावीकडे सरकलं तर शेतात वळणार असू शकतं. घाईने ओव्हरटेक करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे आणि संध्याकाळी हरणं आडवी येतात. एक गेलं की मागून दुसरं येतंच असं धरून चाला.

हिवाळ्यात काउंटी प्रवासाच्या सूचनांच्या तीन पातळ्या जाहीर करते. पिवळी ‘ॲडव्हायझरी’ म्हणजे जपून. नारिंगी ‘वॉच’ म्हणजे अत्यावश्यक कामालाच बाहेर पडा. लाल ‘वॉर्निंग’मध्ये रस्ते फक्त आपत्कालीन यंत्रणेसाठी. हवामान खात्याच्या भाषेत ‘वॉच’ म्हणजे शक्यता, इथे ती विनाकारण बाहेर न पडण्याची सूचना आहे. गोंधळ होतो तो यातच. टॉर्नेडोचा इशारा आला तर तळघर, ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची खिडकी नसलेली खोली. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

काउंटीचा आयकर वर्षभर त्याच काउंटीचा लागतो, जिथे तुम्ही 1 जानेवारीला राहत होता. मार्चमध्ये पुण्याहून आलात तर त्या वर्षी तो लागत नाही. पगारातून राज्य आणि काउंटीचा कर कापण्यासाठीचा डब्ल्यूएच-4 फॉर्म भरताना लोक सवयीने सध्याची काउंटी लिहितात, मग नको ती कपात होते आणि रिटर्न भरेपर्यंत पैसे अडकतात. उत्तरेकडचं एडिनबर्ग हे गाव तीन काउंट्यांत पसरलेलं आहे, म्हणून तिथलं घर नेमकं कुठल्या काउंटीत ते विचारा. शाळेचंही तसंच: होपकडच्या भागाची फ्लॅट रॉक-हॉक्रीक ही शालेय संस्था वेगळी आहे. इंडियानाचं लायसन्स 60 दिवसांत काढा; भारतीय लायसन्सवर लेखी आणि गाडी चालवण्याची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

माणसं मोकळी, पण घाईची नाहीत. होप हे गाव मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1830 मध्ये वसवलं, काउंटीत लुथेरन या ख्रिस्ती पंथाची जर्मन घराणी बरीच. अरुंद रस्त्यावर समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तुम्हीही उचला. उन्हाळ्यातल्या 4-एच (मुलांची संघटना) जत्रेत मुलांनी वाढवलेली डुकरं आणि वासरं बघायला नक्की जा, ओळखी तिथे होतात. शेत किंवा रान मात्र कुणाच्या तरी मालकीचं असतं. झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर कायद्याने तीच ‘प्रवेश बंद’ची पाटी आहे.